डिग्रीवरचं प्लास्टिक

हमीदचाचाने सर्टिफिकेट कानाजवळ नेलं आणि हलवलं. खळ्‌ खळ्‌ आवाज आला. नाटकात वीज कडाडायला हवी म्हणून पडद्यामागे पत्रा हलवतात, तसा.

"हे होणार नाय, बेटा," तो म्हणाला.

"काय होणार नाही?"

"अटेस्टेशन. शिक्का कुठं मारणार? प्लास्टिकवर शाई बसत नाय. दिल्लीवाला हातात घेणार, असंच वाजवून बघणार आणि तिथूनच परत पाठवणार."

मैथिली शिरगुप्पेने काउंटरवर पडलेल्या स्वतःच्या बी.कॉम.च्या डिग्रीकडे पाहिलं. सात वर्षं ही डिग्री आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, एका खाकी पाकिटात कागद म्हणून सुखाने पडून होती. आज सकाळी पाकीट न उघडताच ती घेऊन निघाली होती. आता पाकिटातून निघालं होतं ते हॉटेलातलं मेनूकार्ड. कडक, चकचकीत, चारी कोपरे गोल. वर चहा सांडला तरी पुसून घेता आला असता.

हमीदचाचा मूळचा दापोलीचा. बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, सव्वीस वर्षं त्याचं टायपिंग सेंटर होतं, म्हणजे सरकारी अर्ज भरून देण्याचं दुकान. व्हिसा, भाडेकरार, जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्याच्याकडे टाइप होऊनच पुढे जायचं. काउंटरवर बडीशेपेची वाटी असायची. काम झालं की बडीशेप, नाही झालं तरी बडीशेप. त्याने वाटी पुढे सरकवली.

मैथिलीने ती तशीच मागे सरकवली. "कोणी केलं असेल हे?"

हमीदचाचाने छताकडे पाहिलं. तिथे एसीच्या पाण्याचा जुना डाग होता. तो आजच उमटल्यासारखा त्याने नीट न्याहाळला. "होतं, बेटा. लोक प्रेमानं करतात."

"प्रेमाने लोक खूनपण करतात. चाचा, सोमवारी दुपारी बाराच्या आत मला कॉलेजला पावती दाखवायची आहे, डिग्री शिक्क्यांसाठी गेली म्हणून. दुसरी कॉपी मागवली तर?"

"पुण्याहून यायला तीन महिने. चारपण."

"प्लास्टिक काढून?"

"निघतं कधी कधी. पण छपाईसकट निघतं. एका केरळवाल्याचं काढलं मी, त्याचं नाव प्लास्टिकला चिकटून आलं. कागदावर फक्त उत्तीर्ण राहिलं. कोण उत्तीर्ण, ते नाय."

मैथिलीने डिग्री पाकिटात कोंबायला घेतली. पाकीट मघाशी काढतानाच फाटलं होतं, आता ती जाईना. लॅमिनेशनने तिची चारी बाजूंनी बोटभर वाढ झाली होती. शेवटी ती तिने तशीच काखेत मारली आणि बाहेर पडली. गल्लीतला एक कापडवाला तिला सवयीने "सिस्टर, सिल्क" म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्याने तो शब्द परत घेतला.

मैथिलीच्या रागाला तारीख होती. चौदा ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी सव्वादहा.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. कारखाना बाटल्यांची झाकणं बनवायचा. कारखान्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर देणं, हे तिचं काम. वाचणं हे तिचं काम नव्हतं, पण अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने दिवसाला चारशे कागद नुसते मोजायचे म्हणजे वेड लागायची वेळ. म्हणून ती वाचायची. असंच एका करारात तिने वाचलं, की कारखान्याने चाळीस लाख झाकणं एकतीस फेब्रुवारीपर्यंत पोचवायची आहेत आणि उशीर झाला तर रोज दंड. करारावर दोन्ही कंपन्यांचे दोन-दोन वकील सही करून मोकळे झाले होते. मैथिलीने समासात पेन्सिलीने लिहिलं, 'ही तारीख पृथ्वीवर येत नाही.'

मंगळवारच्या मीटिंगमध्ये लीगल मॅनेजरने ते वाक्य जसंच्या तसं, स्वतःचं म्हणून वाचून दाखवलं. सगळे हसले. मालकाने त्याच्याशी हात मिळवला. मीटिंगनंतर मैथिली त्याला म्हणाली, की सर, ते मी लिहिलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो मायेने हसला आणि म्हणाला, "मैथिली, यू आर डॉक्युमेंट्स. वी आर लीगल."

त्याच आठवड्यात तिने शोध लावला, की लॉ कन्व्हर्जन कोर्स नावाचा एक प्रकार असतो. इंग्लंडच्या पद्धतीचा. दुसऱ्या कुठल्याही विषयाचा पदवीधर वर्षभरात कायद्याचा पाया पुरा करतो आणि मग वकिलीच्या परीक्षांना बसायला मोकळा होतो. झाकणांतून बाहेर पडायला एक वर्ष. तिने अर्ज केले आणि दोन ठिकाणी तिला घेतलं. एक शेफील्ड, म्हणजे थेट इंग्लंड. दुसरं एका ब्रिटिश कॉलेजची दुबईतली शाखा, आठवड्यातून तीन संध्याकाळी, नोकरी सांभाळून. ऑनलाइनही होता, पण तिचा बाप जन्मापासून आठवड्यातले पाच दिवस तिला फोनवरच भेटत आला होता. ऑनलाइनचा अनुभव तिला पुरेसा होता.

बाप म्हणजे मुरलीधर शिरगुप्पे. मिरजेचा. दुबईपासून बसने चार तासांवर, वाळवंट संपून समुद्र लागतो तिथे रुवैस नावाचं रिफायनरीचं गाव आहे. तिथल्या एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये तो एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. शुक्रवारी संध्याकाळी बसने यायचा, रविवारी दुपारी बसने जायचा. जूनमध्ये साठ पूर्ण होत होती. मग खलास, मिरज.

कॉलेज कुठलं, याचा निकाल मुरलीधरने अर्ध्या मिनिटात लावला होता. "शेफील्ड. डोळे झाकून."

"का पण, बाबा?"

"एकतीस वर्षं पाने देतोय मी लोकांना. जर्मन पाना घसरला, चायनाचा तर हातातच वाकला. शेफील्डचा पाना कधी घसरला नाही."

फीच्या आकड्याचं त्याने पाउंडाचे दिरहम आणि दिरहमांचे रुपये केले. आकडा तीन देश फिरून घरी आला तेव्हा त्याला घाम फुटला होता, पण मत तेच राहिलं. सांगलीच्या सत्यभामाआत्याने चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यातली तीन मिनिटं कुकरची होती, उरलेल्या एका मिनिटात बी.एड. का करत नाही असं विचारलं होतं. इमारतीच्या वॉचमनने दुबई सांगितलं. मैथिलीची आई सुजाता हिला कोणी विचारलं नाही, कारण ती त्या वेळी चहा करत होती.

मैथिलीने दुबई निवडलं. नोकरी सुटत नाही, फी कमी, थंडी नाही, इंग्लंडच्या व्हिसाची कटकट नाही, अशी चार कारणं तिने मोठ्या आवाजात सांगितली. खरं कारण पाचवं होतं. ती शेफील्डला गेली असती तर तिथल्या फीसाठी मुरलीधर जूनमध्ये मिरजेला गेला नसता. आणि ज्या माणसाने तिचं अख्खं लहानपण रुवैसला पाने मोजण्यात घालवलं, त्याला तिच्या कोर्सपायी आणखी पाने मोजायला लावायचं, हे तिला जमणार नव्हतं. हे ती कोणाला बोलली नाही. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि चिडलेल्या माणसाला रडणं परवडत नाही.

आता ते दुबईही प्लास्टिकमध्ये बंद झालं होतं.

दुबईच्या शाखेला शिक्के मारलेली डिग्री हवी होती. मुंबईचा शिक्का, दिल्लीचा, वकिलातीचा, मग इथला. शेफील्डला फक्त फोटो चालत होता. खरी डिग्री आल्यावर दाखवा म्हणाले होते. लॅमिनेट केलेली की जरीच्या रुमालात गुंडाळलेली, असं काही त्यांनी विचारलं नव्हतं.

मैथिली घरी पोचली तेव्हा शनिवारचे साडेबारा झाले होते. मुरलीधर हॉलमध्ये खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसला होता. आतून सुजाताचा आवाज येत होता. मिरजेच्या घराला रंग देणाऱ्या अरुणशी ती फोनवर बोलत होती. स्वयंपाकघराला पिवळा नको, पिवळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत आणि मग माणूस पुसत नाही, असं त्याला समजावत होती.

मैथिलीने डिग्री टेबलावर टाकली. ती वाजली.

मुरलीधरने वर पाहिलं. "अरेच्चा," तो म्हणाला.

इतकं वाईट अरेच्चा मैथिलीने शाळेच्या गॅदरिंगमध्येही ऐकलं नव्हतं. पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही. ती रागात होती.

"तुम्ही केलंत?"

"चुकून झालं गं. म्हटलं, कागद पिवळा पडतोय, जपायला हवा. म्हातारा माणूस, लक्षात राहत नाही."

क्षणभर तिचा राग खरंच उतरला. साठीचा बाप, मेथीच्या काड्या मांडीवर, लेकीचा कागद जपायला निघालेला. ती खुर्चीत बसली. आणि मग तिला आठवलं, की हा कोण माणूस आहे.

रुवैसच्या कॅम्पात मुरलीधरला लोक शिक्कासाहेब म्हणायचे. कोणाचं सर्टिफिकेट कुठून अटेस्ट होतं, कुठल्या खिडकीवर, कुठल्या फोटोकॉपीसकट, हे त्याला तोंडपाठ होतं. स्टोअरच्या फळ्यावर त्याने मार्करने हिंदीत लिहून ठेवलं होतं, 'सर्टिफिकेट लॅमिनेट मत करो', आणि खाली एका मल्याळी फिटरकडून त्याच अर्थाची ओळ लिहवून घेतली होती. एकदा कॅम्पातल्या गणपतीला त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर या माणसाने गणरायाचं नावही न घेता वीस मिनिटं लॅमिनेशनच्या दुष्परिणामांवर भाषण केलं. शेवटी लोकांनी मोरया म्हणून त्याला थांबवलं. तो व्हिडिओ मैथिलीच्या फोनमध्ये होता.

तिने डिग्री पुन्हा हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खाली उजव्या कोपऱ्यात, कुलसचिवांच्या सहीच्या किंचित वर, प्लास्टिक आणि कागद यांच्या मध्ये एक हिरवट बारीक दाणा चपटा होऊन कायमचा झोपला होता. वर बारीक रेषा. तिने तो नखाने दाबून पाहिला.

"बाबा, हमीदचाचाकडे गेला होतात?"

"मी? कशाला?"

"ही बडीशेप आहे."

मुरलीधरने मेथीची एक काडी घेतली आणि फार काळजीपूर्वक तिचं एकेक पान खुडलं. "बडीशेप सगळीकडे मिळते," तो म्हणाला. बचाव कमकुवत होता आणि त्यालाही ते कळलं असावं.

मैथिलीने हमीदचाचाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "चाचा, एकच विचारायचं होतं. लॅमिनेशन कधी केलंत?"

पलीकडे प्रिंटर बंद झाला.

"मुरलीभाई," हमीदचाचा हळूच म्हणाला, "मी काय बोललो नाय तिला. अल्लाकसम."

मुरलीधरने डोळे मिटले.

एकदा तोंड उघडल्यावर हमीदचाचाला मोकळं वाटलं असावं. तो सगळंच सांगत सुटला. गेल्या शनिवारी मुरलीभाई आला. मी त्याला दोन वेळा बोललो, शिक्का बसणार नाय, पोरीचं नुकसान होईल. हा बोलला, माहीत आहे, तेच पाहिजे. साधं पाऊच घेतलं मी, तर हा बोलला, जाडवालं लाव, निघता कामा नये. बडीशेप माझी चूक आहे, बेटा, त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

मैथिलीने फोन बंद केला. तिला वाटलं होतं ती ओरडेल. पण आवाज आला तो एकदम ऑफिसचा, नंबर टाकणारा.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"मी अठ्ठावीस वर्षांची आहे."

"जूनमध्ये एकोणतीस."

"व्हिसा तुमच्या नावावर, घर कंपनीच्या नावावर, माझं वाक्य त्या मॅनेजरच्या नावावर. एक कॉलेज माझ्या नावावर होतं, बाबा. एक. तेपण तुम्ही रोलरखालून काढलंत. दिस इज नॉट लव्ह, दिस इज टँपरिंग. मला विचारलंत?"

"तू मला विचारलंस?" मुरलीधरचा आवाज पहिल्यांदाच चढला. मांडीवरच्या काड्या खाली पडल्या. "माझ्यासाठी दुबई घेतलंस ते? मला काय कळत नाही होय? तुझ्या फोनवर रोज तीन गावांचं तापमान येतं. बर दुबई एकेचाळीस, रुवैस चव्वेचाळीस, शेफील्ड नऊ. परवा बारीक पाऊस होता तिथं. दुबईच्या कॉलेजात जाणारी पोरगी शेफील्डला पाऊस आहे का ते कशाला बघेल?"

आयुष्यातली पहिली केस मैथिली हरत होती, आणि तीही मेथी निवडणाऱ्या माणसाकडून.

"तुम्ही जूनमध्ये मिरजेला जाणार होतात," ती शेवटी म्हणाली. "मी तुम्हाला रुवैसला आणखी सडू देणार नाही. म्हणून."

"ते झालंय." मुरलीधर उठला, खुंटीवरच्या पॅन्टच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर, डिग्रीच्या शेजारी ठेवला. "दोन वर्षं एक्स्टेन्शन दिलंय कंपनीनं. सोमवारी सही करून द्यायचंय. आता तू जा किंवा जाऊ नकोस, मी तिथंच आहे."

आतला फोनवरचा आवाज थांबला होता. कधी थांबला, ते दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मैथिलीने तो कागद उचलला. सवय रागापेक्षा जुनी असते. ती वाचायला लागली.

"वाचलंत हे?"

"वाचायचं काय त्यात. एकतीस वर्षं तेच असतं."

"कलम चार. कंपनीला वाटलं तर तुम्हाला कुठल्याही साइटवर पाठवता येईल. कुठल्याही म्हणजे समुद्रातपण. कलम सात. सुट्टी कलम बाराप्रमाणे मिळेल."

"मग?"

"पत्र नऊ कलमांचं आहे, बाबा. बारा नाहीच. एकतीस वर्षं तुम्ही नसलेल्या कलमाप्रमाणे सुट्टी घेताय."

मुरलीधर चष्मा लावून तिच्या खांद्यावरून बघायला लागला. मैथिलीने पेन काढलं. कलम चार खोडलं. कलम सातमध्ये सुट्टीचे दिवस आकड्यात आणि अक्षरात लिहिले. मग पहिल्या ओळीवर आली, दोन या शब्दावर पेन टेकवून थांबली आणि तो शब्द खोडून वर एक लिहिलं.

"कोर्स एक वर्षाचा आहे. त्याच्यावर एक दिवस नाही. पुढच्या परीक्षांचं माझं मी बघेन."

"कंपनी ऐकेल?"

"तुमच्याशिवाय तिथे कोणाला एकोणीस नंबरचा पाना सापडत नाही, असं तुम्हीच सांगता ना दर आठवड्याला? ऐकेल. आणि नाही ऐकलं तर जूनमध्ये मिरज, आणि मी कर्ज काढेन. इथे छोटी सही करा. खोडलंय तिथे प्रत्येक ठिकाणी."

मुरलीधरने तीन ठिकाणी छोटी सही केली. प्रत्येक वेळी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागद वाचला, मग सही केली. एकतीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच या क्रमाने. मग मैथिलीने फोनवर शेफील्डचं पान उघडलं. स्वीकारा, असं एक हिरवं बटण होतं.

"दाबू?"

"दाब की. यल्ला."

तिने दाबलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. अजून चिडलेले होते, पण दोघांच्याही तोंडावर जिंकल्यासारखं काहीतरी होतं. मुरलीधर म्हणाला, की तिथून येताना एक पाना आण, खऱ्या शेफील्डचा. मैथिली म्हणाली, की आणेन, आणि तुमच्या डोक्यात घालेन.

तेवढ्यात सुजाता बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत फडक्यांनी धरलेलं आमटीचं पातेलं होतं, गॅसवरून थेट उतरवलेलं, अजून कडेला बुडबुडे येत होते. टेबलावर जागा भरपूर होती. डाव्या हाताला पातेल्याखाली ठेवायची लाकडी चकती होती. सुजाताने तिकडे पाहिलं, मग डिग्रीकडे पाहिलं आणि पातेलं डिग्रीवर ठेवलं.

चर्र झालं.

"आई, डिग्री आहे ती," मैथिली म्हणाली.

"दिसतंय मला." सुजाताने फडकी खांद्यावर टाकली. "लॅमिनेट केलीय ना? पुसलं की झालं."

मग ती आत जाऊन ताटं घेऊन आली, भात घेऊन आली, लोणचं घेऊन आली, आणि बसली. कोणाला काही वाढलं नाही. मुरलीधरने स्वतःचा भात स्वतः घेतला. एक्स्टेन्शनचा कागद त्याने ताटाजवळून हळूच उचलून मांडीखाली ठेवला, लहान मुलं प्रगतिपुस्तक ठेवतात तसा.

जेवण होता होता सुजाताचा फोन वाजला. अरुणच होता.

"हां, अरुण," ती म्हणाली. "राहू दे रे आता. कुठलाच नको. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला... नाही, कोणाला काही झालं नाही. सगळे मजेत आहेत." फोन ठेवून तिने आमटी ओरपली आणि मैथिलीला म्हणाली, "हात धुतलास की खाली जा. तांदूळ आण. वीस किलोची पिशवी."

मैथिलीने मान हलवली आणि उठली. लिफ्टमध्ये तिला ते उमगलं. जानेवारीपासून घरात तांदूळ एक-एक किलोने येत होते. तूरडाळ अर्धा किलो, हळद तर शेजारच्या अन्वरीभाभींकडून वाटीने. एकदा मैथिली चिडली होती, की आई, रोज काय ही पिशव्यांची भानगड, एकदाच मोठं काही का घेत नाहीस? गॅलरीत सगळे मोठे स्टीलचे डबे घासून पुसून पालथे घातलेले होते. भिंतीशी ओळीने, एकावर एक. मैथिलीला वाटलं होतं, आई जागा करतेय. आई जूनपर्यंतचे दिवस मोजत होती.

पिशवी तिने दुकानातून ट्रॉलीवर आणली, दारापासून आत खांद्यावर घेतली. मुरलीधर धावला. सुजाताने त्याला हाताने बाजूला केलं, वाटेतलं स्टूल सरकवावं तसं. टेबलावरचं पातेलं उचललेलं होतं. डिग्रीवर एक पांढरट वर्तुळ उठलं होतं, मैथिलीच्या नावावरून निघून प्रथम श्रेणीला वळसा घालून परत नावापाशी आलेलं. कोणीतरी ते फडक्याने पुसून पाहिलेलं दिसत होतं. वर्तुळ प्लास्टिकच्या आत होतं.

गॅलरीत ऊन मी म्हणत होतं. सुजाताने ओळीतला सगळ्यात मोठा डबा घेतला. त्याच्या बुडावर चार महिन्यांची वाळू बसली होती, ती पदराने पुसली.

"आई," मैथिली पिशवी सावरत म्हणाली, "तुला कोणी विचारलंच—"

"नीट धर. सांडतील."

सुजाताने डबा सुलटा केला. तळाशी वर्तमानपत्राचा कागद कापून घातला, चार बोटांनी दाबून बसवला. मग पिशवीच्या तोंडाचा दोरा एका झटक्यात ओढला, आणि मैथिलीने पिशवी वाकवली. रिकाम्या डब्यात पहिले तांदूळ पडतात तेव्हा फार आवाज होतो. मग तो कमी कमी होत जातो.